जीभ बरी होईपर्यंत

९ नोव्हेंबर १९५७, डहाणू
जीभ सुजली आहे. टोक लालभडक. चहासुद्धा पिववत नाही. कारण उघड आहे. आमटीतलं तिखट. बकुळेला सांगायला हवं, पण आमचा अबोला आहे. चैत्रात विवळवेढ्याच्या यात्रेत ती आपल्या भावादेखत म्हणाली, की यांची नुसती जीभ चालते. नवऱ्याला असं बोलतात? तेव्हाच ठरवलं, आधी ती बोलेल. सात महिने झाले. मी अगदी मजेत आहे.

११ नोव्हेंबर
बकुळेच्या खोकल्याचा रिपोर्ट आला. टीबी. रोज एक इंजेक्शन, कंपाउंडर घरी येऊन देणार. डॉक्टर म्हणाले, हल्ली माणसं यातून उठतात. फक्त कानात आवाज येऊ लागले तर ताबडतोब कळवा, औषध बदलू. मी मान डोलावली. जीभ दुखत होती, जास्त विचारलं नाही. आपल्या चिकूच्या वाडीत कामाला येणाऱ्या नवशीकडून घरात निरोप पाठवला, घाबरू नये म्हणून.

२४ नोव्हेंबर, दुपारी
सायकलला गठ्ठा बांधून फिरणारा चिनी कापडवाला आला. दरवर्षी येतो. बाप वैद्य होता म्हणे. ओटीवर बसून माझी जीभ बघितली. हिंदी-गुजरातीची खिचडी करून म्हणाला, टोक हृदयाचं, कडा लिव्हरच्या. टोक लाल म्हणजे हृदयात आग. राग गिळला आहे का? कुणाशी बोलायचं राहिलं आहे का? मी म्हटलं, छे! दाराआड बकुळा हसली. खोकत खोकत हसली.
उपाय : बांबूच्या पाल्याचा काढा. तिखट बंद. आणि राहिलेलं बोलून टाकणे. काढा उद्यापासून. बोलण्याचं मात्र पटलं नाही. शेवटी कापडवालाच तो.

२५ नोव्हेंबर
निश्चय. जीभ बरी झाली की मीच आधी बोलणार. मोठेपणा आपल्याकडे. वाक्यही तयार केलं. ‘बकुळे, माझं चुकलं.’ मग ‘माझं’च्या पुढे ‘थोडं’ घातलं.

१२ डिसेंबर
काढा भयंकर कडू. टोक तसंच. बकुळेचा ताप मात्र उतरला. नवशी येऊन म्हणाली, बाय सांगं, कानांत किर्र वाजतं, डाक्तरला सांगा. मी म्हटलं, हे तिने स्वतः येऊन सांगावं. बायकोचा निरोप दुसऱ्याच्या तोंडून मी घेणार नाही. प्रिन्सिपल म्हणजे प्रिन्सिपल. (मी निरोप पाठवला होता ती गोष्ट वेगळी. तेव्हा घाई होती.)

१८ डिसेंबर
डॉक्टर भेटले. कानाची काही तक्रार? म्हणाले. मला अधिकृतपणे कुणी काही सांगितलेलं नाही. नाही म्हणालो. घरी येईपर्यंत जीभ फार झोंबली. काढा दोन वेळा सुरू करावा.

५ जानेवारी १९५८
नवशीची तक्रार, तीन-तीन हाका मारल्या तरी बाय ओ देत नाही. आता नवशीशीही अबोला! स्वभाव, दुसरं काय.

२ फेब्रुवारी
आरशात पाहिलं. जीभ गुलाबी, सपाट. मिरची खाऊन बघितली. काही नाही! बकुळेच्याही अंगावर मूठभर मांस आलंय. उद्या सकाळी बोलायचं. नक्की.

३ फेब्रुवारी
बकुळा ओटीवर तांदूळ निवडत होती. समोर जाऊन बसलो. म्हटलं, बकुळे, माझं चुकलं. ‘थोडं’ म्हणायचं विसरलो. तिने वर पाहिलं नाही. पुन्हा म्हटलं, मोठ्याने. मग ओरडलो. वाडीतून नवशी धावत आली आणि मला बघून तिथेच उभी राहिली. बकुळा खडे वेचत होती.
तेव्हा कळलं. बारा डिसेंबर. अठरा डिसेंबर. तोंडातून वाक्य मात्र येतच राहिलं, माझं चुकलं, माझं चुकलं.
सुपावर माझी सावली पडली तेव्हा तिने मान वर केली. तिला माझं तोंड उघडं दिसलं. तिने सूप बाजूला ठेवलं, माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि आत नीट बघितलं. मग दहा महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. पलीकडच्या वाडीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.
म्हणाली, बरी झाली हो जीभ तुमची.