आवाजाचा भाव

मंगळ. ७ नोव्हें. ७८

बाबांचा रिपोर्ट आला. घशाचा कॅन्सरच. आई बाकावर बसून राहिली. मी डॉक्टरांचं बोलणं वहीत उतरवत होते, लेक्चर चालू असल्यासारखी. ऑपरेशन केलं तर स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज कायमचा जाणार, पण जगण्याची आशा जास्त. नाहीतर किरणांचा शेक. आवाज बहुतेक राहील, पण रोग उलटण्याची भीती मोठी. दोन्ही रस्ते खुले आहेत, सोमवारी सांगा, म्हणाले.

जन्मभर संत्रा मार्केटात लिलाव पुकारलेला माणूस. बाहेर आल्यावर बाबा बसक्या आवाजात मला म्हणाले, "तू हेच शिकून राहिली ना, कुंदे? मंग सांग. तू म्हनशीन तसं."

एम. एस्सी. स्टॅट., दुसरं वर्ष, डिसिजन थिअरी, म्हणजे निर्णय कसा घ्यावा त्याचं गणित. हे काय असतं ते घरात आजवर कुणाला समजावता आलं नव्हतं. आज एका दमात समजलं सगळ्यांना. मेले मी.

बुध. ८

आई म्हणते, देवापुढे चिठ्ठ्या टाकू. मी खेकसले तिच्यावर.

"देव काहून नाही सांगनार? आन तुयं पुस्तक सांगते?"

डिपार्टमेंटमध्ये आम्हीही रँडम नंबरांचं पुस्तक उघडून कुठल्याही पानावर बोट ठेवतोच. हे तिला सांगितलं असतं तर जन्मभर ऐकवलं असतं.

गुरु. ९

डिसिजन थिअरीच्या सरांनी ओळखीनं दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये बसू दिलं. धूळ, शिंका. ऑपरेशनवाल्यांचं काय झालं ते बरंचसं लिहिलेलं आहे. शेकवाल्यांच्या केसपेपरवर मात्र जिथं तिथं एकच शेरा: पुन्हा आला नाही.

म्हणजे बरा झाला म्हणून आला नाही, की मेला म्हणून? सगळे जगले धरले तर उत्तर शेक. सगळे गेले धरले तर ऑपरेशन. मधलं काही धरलं तर मी जे धरीन ते. दिवसभर घासून काय मिळालं, कपाळ! संध्याकाळी सायकल हातात धरून चालत आले. रडू येत होतं आणि रस्त्यात रडायची सोय नाही.

शुक्र. १०

क्लास बुडवला. 'पुन्हा न आलेल्यां'पैकी एकाचा पत्ता नीट होता. कन्हान. बसनं गेले. म्हातारा अंगणात बसून सुनेवर ओरडत होता. खणखणीत! मी कशाला आले ते सांगितल्यावर माझ्यावरच घसरला. "मेलो असन असं कोनं सांगतलं तुले? माया भावानं? त्याचा माया वावरावर डोया हाये!"

परतीच्या बसमध्ये मी वेड्यासारखी हसत होते. घरी सांगितलं तर बाबा उठून बसले, आई साखर घेऊन आली. एका माणसावरून काही ठरत नसतं. शिवाय पत्ता धड होता म्हणूनच तो सापडला, बाकीचे कुठे शोधू? हे मला पक्कं माहीत आहे, तरी तोंडातली साखर थुंकता आली नाही.

शनि. ११

नुकसानाचा तक्ता केला. ऑप. / शेक, जगणं / जाणं, प्रत्येक चौकटीत किती नुकसान. उत्तर आलं: ऑप. जरा हलकं वाटलं. सरांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला.

"हे आकडे कोणाचे, तुझे की त्यांचे?"

मी बाबांना विचारलंच नव्हतं. मरणासमोर सगळ्यात मोठा आकडा माझा. आवाजासमोर अगदी किरकोळ, तोही माझाच. बाबा गेले तर माझं काय होईल एवढंच मोजून बसले होते. तक्ता फाडला. परवा सोमवार.

रवि. १२

संध्याकाळी विचारलं. धड शब्द जमेनात. "समजा ऑपरेशन करून मुक्यानं दहा वर्षं मिळाली. त्याच्या बदल्यात आवाजासकट किती मिळाली तर सौदा कराल?"

आधी चिडले. मग खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्या हातावर टाकला आणि खाली आपला हात घातला. बोली सुरू व्हायच्या आधी मार्केटात भाव असाच ठरायचा, कापडाखाली बोटं दाबून, तिसऱ्याला कळू न देता. माझं एक बोट दाबलं. एकच.

एक वर्ष. मुकी दहा त्या एका वर्षावर ओवाळून टाकली.

आई पोळ्या टाकून आली. पिठाचा हात त्याच दुपट्ट्याखाली घातला आणि मला बाजूला सारलं. काय दाबलं ते मला दिसलं नाही, पण बाबांनी मोठ्यानं सांगितलं. पाची बोटं. परत पाची. दहाला दहा. मुकी दहा सोडायची तर आवाजासकट पुरी दहाच हवीत.

"येवढा भाव कोनी लावते काय वं, येडे?"

"म्या लावला. मुके राहा, पन राहा. आता हात नका काढू."

मी उठून मोरीत गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले. पुस्तकात निर्णय घेणारा एक असतो, तक्ता एकाचा असतो. इथे दोन आहेत, आणि दोघंही खरं बोलताहेत. दोघांची सरासरी काढू? असा राग येतोय विषयाचा, पुस्तकाचा, माझा.

सोम. १३, सकाळ

नऊला डॉक्टर. मला काहीही ठरवता आलेलं नाही. आईनं धुतलेलं धोतर काढून ठेवलं. बाबा दाढी करून तयार.

कालपासून एक शब्द बोललेले नाहीत. चहा हवा तर बोटानं दाखवला. आमच्यावर रागावलेत, की मुक्यानं राहून पाहताहेत, जमतं का ते? विचारायचा धीर होत नाही. आई रिक्षा घेऊन आली, हाका मारते आहे, बाबा चपला घालून दारात उभे आहेत आणि माझ्याकडे बघताहेत. वही मिटते, जाते.