डोळा शांत

तिसगाव, मंगळवार, संध्याकाळ

मागच्या आठवड्यात शिबिरात सखारामभाऊंचा डोळा टॉर्चनं पाहिला आणि कागदावर लिहिलं, ‘डोळा शांत’. लाली नव्हती, दुखत नव्हतं. बाहुली मोठी करायचे थेंब घातले नाहीत. रांग लांब होती, दुसरं काय!

आज भाऊ दवाखान्यात आले. “डाक्टर, डोळ्याम्होरं काजळी पडतीया. दुखत न्हाई पन.”

थेंब घालून आत पाहिलं. पडद्यावर पांढरे चट्टे आणि मधे रक्त, राखेत निखारे असावेत तसं. बाहेरून मात्र तो डोळा पांढराशुभ्र. माझ्याकडे शांत बघत होता.

गोळ्या कसल्या चालू आहेत, विचारलं. बहिणीची किडनी बसवलीय, ती टिकावी म्हणून.

“आधी का नाही सांगितलं?”

“डोळ्याच्या डाक्टरला किडनीचं काय सांगायचं?”

मी तरी कुठं विचारलं? त्या गोळ्यांनी अंगातली झुंजायची ताकदच दाबलेली. डोळा लाल व्हायलाही ताकद लागते. जंतू निवांत पडदा खात बसला होता.

लगेच नगरला पाठवलं. निघताना विचारलं, काजळी कधीपासून?

“शिबिराच्या दुसऱ्या दिसापासनं.” खिशातून माझा कागद काढला, नीट घडी घातलेला. “पन तुमी शांत लिवलंय म्हनून थांबलो.”