गुरुवंदनेची तालीम

१ जून, सोमवार
पुढच्या गुरुवारी शाळेत गुरुवंदना : पोरं गुडघ्यांवर सरकत येतात, मास्तरांना फुलांचं तबक देऊन वाकतात. सप्टेंबरात रिटायर होतोय, म्हणजे माझी शेवटची. प्राचार्य फितसामाई बाईंकडून तालमीचं काम मागून घेतलं. दुसरं कोणी तयारच नव्हतं, एवढा माझ्यावर विश्वास. आयुष्यभर वह्या तपासून डोळे गेले, पण हल्लीची पोरं बाजारात दिसलो तर रस्ता बदलतात. गणित नाही आलं तरी चालेल, आदर आला पाहिजे. तो मी शिकवणार. संकल्प : चिडायचं नाही.

२ जून
चिडलो. पण कारण होतं. तबकात दुर्वा, लाह्या, रुक्मिणीची फुलं आणि वांग्याचं फूल. हे शेवटचं कशाला, विचारलं. मग मीच सांगितलं, ते मान खाली घालून असतं, शिष्यानं तसं असावं. मागून ओराथाई म्हणाली, सर, कीड लागली तरी ते मान खाली घालतं. वर्ग हसला. तिची आई बाजारात कच्च्या पपईची तिखट कोशिंबीर विकते. जीभ तिथलीच.

४ जून
तालीम. गुडघ्यांवर सरकत यायचं, कपाळ जमिनीला. ओराथाईचं वीतभर वर. अजून खाली, म्हणालो. अजून. शेवटी मानेवर हात ठेवून मदत केली. तिला रडू आलं. गुरूपुढे डोळे भरून आले, चांगलं लक्षण.

५ जून
ओराथाईचे केस कॉलरखाली, नियमानं वर हवेत. वर्गासमोर कात्री चालवली, एकाच बाजूनं. मन मऊ आहे माझं. मास्तरांनी पोरांचे केस कापायला बंदी आहे, ठाऊक आहे, पण ती दुष्ट मास्तरांसाठी. काहींनी मोबाइल वर धरले होते, आठवण म्हणून असेल.
बायको, सोमजित, म्हणाली, म्हातारपणी एक तरी पोरगं भेटायला येईल असं वागा. म्हटलं, रांग लागेल.

८ जून
बाजारात सगळे वळून बघत होते. सोमजित म्हणते, कात्रीचा व्हिडिओ अख्ख्या प्रांतानं पाहिला. किती लाख, विचारलं. सांगेना. जळते.

१० जून
प्राचार्य बाईंनी बोलावलं. उद्या मंचावर माझा वेगळा कार्यक्रम. शिक्षण खात्याचे साहेब येणार, कॅमेरे येणार. तबक घरून आणा, म्हणाल्या. आणखीही काही सांगत होत्या, माझं लक्ष कुठं? मास्तरांचा सरकारी पांढरा गणवेश इस्त्रीला दिला. भाषण पाठ.

११ जून, गुरुवार
मंचावर मधोमध एकच खुर्ची. बसायला निघालो तर बाईंनी कोपर धरलं. खुर्चीवर ओराथाई येऊन बसली, मागे तिची आई. पोरीचे एका बाजूचे केस कानाच्या वर. बाई हळूच म्हणाल्या, काल सांगितलं होतं ना, तबक देऊन क्षमा मागायची, नाहीतर चौकशी.
गुडघ्यांवर सरकत गेलो. फरशी फार कडक आहे, तालमीत कळलं नव्हतं. सगळी शाळा बघत होती. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. तबक ठेवलं, चुकलो म्हणालो, वाकलो.
ओराथाई म्हणाली, अजून खाली, सर.
वाकलो. ती म्हणाली, अजून. कपाळ फरशीला टेकलं. खूप लाज वाटली.
घरी सोमजितनं विचारलं, कसं झालं. म्हटलं, पोरगी शिकवलेलं विसरली नाही.