डाव्या डोळ्यावरचं गंध

३ जून
चार महिन्यांच्या ईश्वरीला घेऊन दौंडहून, माहेरून, इनामगावला सासरी आले. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. नातीला खाली ठेवायला तयार नाहीत. शिरूरच्या दवाखान्यात नोकरीही मिळाली. घराण्यात लहानपणीचा कॅन्सर असलेल्या जोडप्यांना, पुढच्या मुलाला धोका किती, हे समजावून सांगायचं. मी एकदम खुशीत! देवघराशेजारी माझ्या थोरल्या दिरांचा, मल्हारचा फोटो आहे. तिसऱ्या वर्षीच तापानं गेले म्हणे. सासूबाई रोज त्याला गंध लावतात, पण कपाळाऐवजी डाव्या डोळ्यावर. हात थरथरत असेल.

१२ जून
आज दवाखान्यात संघर्ष आणि रश्मी हे जोडपं आलं. पहिल्या मुलीचा डोळा कॅन्सरनं काढावा लागला, दुसरं मूल हवंय. मी वंशावळ काढायला बसले. घरात आणखी कुणाचा डोळा लहानपणी गेलाय का? संघर्ष म्हणाला, वडिलांचा, पण तो उसाचं पातं लागून. मी हसून म्हटलं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून या.

१९ जून
संघर्षची आत्या, ताईबाई, स्वतः आली. रडत म्हणाली, ऊस-बीस काही नव्हता. भावाचं बुबुळ पांढरं चमकायचं. पुढं पोरींची लग्नं अडतील म्हणून पात्याचं नाव सांगितलं.
डोळ्याच्या कॅन्सरची हीच खूण. मी लिहून घेतलं आणि पेन हातातच राहिलं. माझ्या नवऱ्याचा, सत्यजीतचा, उजवा डोळा काचेचा आहे. लग्न ठरताना मला सांगितलं होतं, उसाचं पातं लागलं. मी विश्वास ठेवला. मी!

२० जून
सत्यजीतला म्हटलं, रक्त तपासू या, ईश्वरीसाठी. तो ताटावरून उठला. सासूबाई ईश्वरीला घेऊन आत गेल्या. मी पाया पडले, तर त्यांनी पाय मागं घेतले.

२१ जून
सासूबाई देवळात गेल्यावर मल्हारच्या फोटोवरचं गंध पुसलं. फ्लॅशमुळे एक डोळा लाल. दुसरा पांढरा, मांजराचा चमकतो तसा.
ताप नव्हता.

२२ जून
ईश्वरीच्या डोळ्यांच्या तपासणीला सोमवारची वेळ मिळाली, पुण्याला. लवकर कळलं तर जीव वाचतो, डोळाही वाचू शकतो. रोज लोकांना सांगते. आता स्वतःला सांगतेय. देवा, उशीर नको—

२३ जून
ईश्वरीच्या बारशाचा फोटो. मी आले तेव्हाच सासूबाईंनी मागून घेतला होता, इतके दिवस कपाटात— आज भिंतीवर, मल्हारशेजारी.
ईश्वरीचं कपाळ मोकळं. गंध डाव्या डोळ्यावर.
सासूबाई मागं येऊन उभ्या. हळूच म्हणाल्या, “आता न्हाई दिसत ती चमक, सूनबाई.”
गंध अजून ओलं आहे. पुसलं तर—