जीभ बाहेर काढलेला बूट

ती. मामांस,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आज अर्धाच. उरलेला भेटीत.) तुमचा गुडघा कसा आहे? माझं नाव काढलं की मामींना अजून ठसका लागतो का? तुमच्या धाकटीचं लिफ्टदुरुस्तीचं काम बरं चाललं असेल. तिनं लहानपणी आमच्या भिंतीवर काढलेली मुंग्यांची रांग अजून आहे. घराला तीनदा रंग दिला, तिन्ही वेळा तेवढी जागा सोडायला लावली. इकडे ही ठीक आहे, आणि मी हिला जितका ठीक वाटतो तितकाच ठीक आहे.

कारखान्याचं तुम्हाला ठाऊक आहेच. सुयांच्या पाकिटावरचं लेबल गेली अठरा वर्षं मी काढतो. अठरा वर्षं लेबल एकच : विमान. सुईच्या पाकिटावर विमान का, हे मालकांच्या वडिलांना माहीत होतं, आणि ते आता नाहीत. (मी दर वर्षी ढग तेवढे बदलतो.) गेल्या महिन्यात मालकांनी बोलावून सांगितलं, आता विमान उतरवा. नवं लेबल असं हवं की माणूस आधी हसेल आणि मग सुई घेईल. मुदत एक महिना. नाही जमलं तर काम त्यांच्या जावईबापूंकडे, ते कॉम्प्युटरवर करतात. आणि मी पॅकिंगला. आता कुणाला हसवणं मला कधी जमलंय? माझ्या विनोदांना आजवर तुम्ही एकटेच हसत आलात, तेही बहुधा ऐकू न आल्यामुळे.

तेव्हा मी मान वर करून चालायला लागलो. छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या पाटीवर एक वटवाघूळ आहे, एक पंख मोडलेलं आणि चेहरा काळजीत पडलेला. त्या रस्त्यानं मी नऊ वर्षं जातो. ते मला कधी दिसलं नव्हतं. कंगव्याच्या पाकिटावर टक्कल पडलेला एक माणूस आहे, तो डोळे पुसतोय. खोकल्याच्या औषधाच्या खोक्यावर मफलर गुंडाळलेला जिराफ. लहान बाटलीच्या खोक्यावर मफलर अर्ध्या मानेपर्यंत येतो, मधल्यावर हनुवटीपर्यंत, मोठ्यावर कानांपर्यंत. अर्थातच तिन्ही घ्याव्या लागल्या. ही म्हणाली, "खोकला नसताना औषध आणणारा माणूस आज पाहिला." तेव्हापासून मी कपाट उघडलं की ती खोकते. मुद्दाम. पण मामा, दिवस फार बरे गेले. साबण आणायला गेलेला माणूस रस्त्यानं स्वतःशी हसत घरी येतो, याहून जास्त काय हवं? (साबण राहून जायचा, ही गोष्ट वेगळी.) कपाट भरत गेलं. कागद मात्र कोराच राहिला.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी सकाळी कारखान्याच्या इमारतीत तळमजल्यावर लिफ्टच्या दाराला एक कागद लावलेला दिसला. काळ्या शाईनं काढलेला जिना. पाचव्या पायरीवर एक बूट टेकून बसलेला, त्याची जीभ बाहेर आलेली. सगळ्या कागदात लाल रंग तेवढ्या जिभेला. बुटाला जीभ असते हे मला लहानपणापासून माहीत होतं. तो दमला की ती बाहेर येते, हे मात्र कधी सुचलं नव्हतं. खाली लिहिलेलं : लिफ्ट बंद. उद्यापर्यंत दम धरा. कोपऱ्यात तांदळाएवढी एक मुंगी, खांद्यावर शिडी.

मी तो काढून घेतला. टेबलावर नेऊन नीट बघायचा आणि लगेच परत लावायचा, एवढाच विचार होता. चारही कोपरे नखानं सोडवले, गुंडाळी करून पिशवीत ठेवली, आणि वळतो तर मागे मालक. त्यांनी बटण दाबलं. दार उघडलं. लिफ्ट बंद आहे हे त्या क्षणी आम्हा दोघांत मला एकट्यालाच माहीत होतं; पण कसं माहीत, ते सांगण्यासारखं नव्हतं. मालक म्हणाले, "चला." मी गेलो.

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये आम्ही सव्वा तास होतो. मालकांना उकडायला लागलं. वारा घ्यायला काही आहे का म्हणत त्यांनीच पिशवीतली गुंडाळी ओढली. दोनदा वारा घेतला, तिसऱ्यांदा हात थांबला. आणि मामा, ते हसले. अठरा वर्षांत त्यांचे दात मी पाहिले नव्हते. वरचा एक सोन्याचा आहे. म्हणाले, "लिफ्ट अडकून दहा मिनिटं झाली नाहीत, तेवढ्यात तुम्ही हे काढलंतसुद्धा?" मी म्हणालो, "हं." या 'हं'च्या पुढे मला बरंच बोलायचं होतं, पण तेवढ्यात वरून "कोण आहे आत?" म्हणून हाका सुरू झाल्या. मग दोघांना ओढून बाहेर काढलं. (कंबर तेव्हाची.)

लेबल याच हातचं हवं, असं मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं. आठ दिवस वाढवून दिले, आणि जावईबापूंना पॅकिंगला बसवलं. तेव्हा काळजी नसावी. तुमच्या भाच्याचं बस्तान बसलं आहे.

मामींना नमस्कार. ठसका लागणार नाही अशा बेतानं सांगा.

तुमचा भाचा

ता. क. : मुंगी तुम्ही ओळखलीच असेल. मी मात्र त्या दिवशी घरी येऊन भिंतीसमोर उभा राहिलो तेव्हा ओळखली. धाकटीला सांगून सुईचं एक चित्र काढून घ्याल का? एकच. कुणासाठी ते बोलू नका.

ता. क. २ : वरचं रद्द समजा. पत्र दोन दिवस खिशातच होतं. जेवण जाईना. ही म्हणाली, "एकदाचं खोकून टाका काय ते." आज मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "ती येईल का?" धाकटीला सोमवारी दहाला पाठवा. तिची चित्रं ही काय चीज आहे, ते तिला घरात कुणी सांगितलेलं नसणार. तुम्ही सांगा.

ता. क. ३ : माझ्याबद्दल मालक अजून काही बोललेले नाहीत, आणि पॅकिंगला तर जावईबापू आहेत. धाकटी इकडे आली तर तिची जागा रिकामी होईल. तिच्या साहेबांकडे शब्द टाकून ठेवा. लिफ्टचा मला आतून अनुभव आहे. आणि तिला जिन्यानं यायला सांगा. लिफ्ट पुन्हा बंद पडली आहे, आणि तो कागद अजून माझ्याच कपाटात आहे.