सेकंद काटा

१४ एप्रिल १९७४, रविवार

तोंड उघडलं तर भाचीचं लग्न मोडेल, म्हणून वही उघडली आहे. इथं काय हवं ते लिहीन.

मालन माझ्या भावाची, गणपतची मुलगी. नर्सिंग शिकायला गावाकडून माझ्याकडे कोल्हापुरात आली, शिकली, सरकारी दवाखान्यात लागली. अजून माझ्याकडेच असते. बिद्रीच्या जोतीरामशी साखरपुडा झालाय, मेअखेर लग्न. आज देण्याघेण्याची याद झाली. सगळं ठरलं आणि उठता उठता मुलाची आई बायडाबाई म्हणाली, "आणि घड्याळ बाहेरचं बरं का पावणं. हितलं नको."

इथल्या घड्याळाला काय झालं? नंबर लावून महिनोन् महिने वाट बघतात लोक त्याची. पण गणपतनं मान हलवली. ती मान एकाच दिशेला हलते.

१६ एप्रिल

वाटलंच होतं. गणपतनं आबांचं घड्याळ मागितलं.

आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पहिल्या महायुद्धात फौजेत असताना बसऱ्याला घेतलेलं. चांदीची डबी, पांढरी तबकडी, ठळक काळे आकडे, काच फुटू नये म्हणून वर जाळी. सहाच्या जागी एक छोटं वर्तुळ, त्यात सेकंद काटा. मालन हेच बांधून दवाखान्यात जाते, कारण नाडी मोजायला सेकंद काटा लागतोच. कामाची पाळी संपली की परत माझ्या टेबलावर. असा नियम आहे. माझा.

"अक्का, घड्याळच हाय की. जीव मागाय लागलोय व्हय तुझा?"

"आणि मालन नाडी कशानं मोजणार?"

"लेडीज घे की तिला एक."

१७ एप्रिल

लेडीज! कालपासून हा शब्द डोक्यातून जात नाही. आयुष्यभर इतिहास शिकवला, आणि सख्ख्या भावाला एवढं माहीत नाही.

मनगटावरचं घड्याळ मुळात बायकांचं. विलायतेत बायका ते कंकणात बसवून मिरवायच्या. पुरुषांचं घड्याळ खिशात, साखळीला. मनगटावर बांधणाऱ्या पुरुषाला लोक हसायचे. मग युद्ध आलं. खंदकात एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात फावडं, खिसे चाचपायला सवड कुणाला? तेव्हा खिशातल्याच घड्याळाला तारेच्या कड्या डाक देऊन जोडल्या, पट्टा ओवला आणि मनगटाला बांधलं. आबांचं तसलंच. त्याच युद्धातल्या रणगाड्याच्या आकारावरून एका फ्रेंच घड्याळवाल्यानं चौकोनी घड्याळ काढलं. ते आजही दुकानात नवी फॅशन म्हणून विकतात.

म्हणजे बायकांची वस्तू पुरुषांनी घेतली, सुधारली, आणि बायकांना परत काय दिलं? तुरीच्या डाळीएवढी तबकडी. आकडे नाहीत, नुसते ठिपके. सेकंद काटा तर नाहीच. त्यात वेळ बघायला आधी चष्मा शोधावा लागतो.

२१ एप्रिल, रविवार

शेवटी मीच म्हटलं, येऊन बघा. लग्न अडायचं असलं तर माझ्या टेबलापाशी नको.

मायलेक आले. जोतीरामनं घड्याळ हातात घेतलं, पालथं केलं, उलथं केलं. "तारीख दावत न्हाय ह्ये?"

"तारखेला कॅलेंडर असतं. भिंतीवर."

"आणि चावी रोज द्याय लागती व्हय?"

मी म्हटलं, चंद्रावर माणूस उतरला त्याच्या घड्याळालाही रोज चावी द्यावी लागत होती. साखर कारखान्यात कारकुनी करणाऱ्याला जमायला हरकत नाही. गणपतनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

बायडाबाईनं जाळीला बोट लावलं. "ह्येला तर खिडकीगत गज हायती. पोरगं चार माणसांत बसतंय, हातात कायतरी दिसाय नको? गोल्डन बघा कायतरी."

पोहे मात्र दोनदा घेतले.

घड्याळ वाचलं, तर मी खूश व्हायला हवं. ते राहिलं बाजूला, संध्याकाळपासून धुमसते आहे. द्यायचं नव्हतं हे खरं. पण नको म्हणणारे हे कोण?

२४ एप्रिल

गणपतबरोबर महाद्वार रोडला इलाहीच्या घड्याळांच्या दुकानात. इलाहीची बायको मेहमुदा माझ्या हाताखाली शिकली, त्यामुळे तो मला बघून अजूनही उठून उभा राहतो. खणातून फडक्यात गुंडाळलेलं सोनेरी घड्याळ काढलं. "खास माल हाय बाई. दुबईवरनं आलाय."

"मागचं झाकण उघडा."

उघडलं. वर परदेशी नाव. आतलं मशीन कुठलं, ते त्यालाही सांगता येईना.

"असू द्या की बाई. नवरदेव काय उघडून बघतोय व्हय?"

खरंच आहे. मुलगी बघतानाही कोण आत बघतं?

वाटेत गणपत म्हणतो, म्हैस काढतो. दूध देणारं जनावर विकून टिकटिक विकत घ्यायची! मी रंकाळ्यापर्यंत त्याच्या चार पावलं पुढेच चालले.

२८ एप्रिल, रविवार

मालनला सरळ विचारलं, "तुला हे लग्न हवंय का?"

ती गणवेशाला इस्त्री करत होती. कॉलर उलटवून परत इस्त्री फिरवली. मग म्हणाली, "आत्ती, मला सेकंद काटा हवाय."

"मी काय विचारलं?"

"ऐकलं की. बापूंनी सगळ्या गावाला सांगितलंय. आता मी काय बोलू?"

म्हणजे या घरात तोंड मिटून बसलेली मी एकटी नाही.

३ मे, शुक्रवार

कहर झाला.

मी नृसिंहवाडीला गेले होते, परत येऊन बघते तर टेबल रिकामं. गणपत येऊन घड्याळ घेऊन गेला. मालननं दिलं! "बापू डोळ्यात पाणी आणून मागत होते, आत्ती." पाळीला मैत्रिणीचं घड्याळ उसनं घेऊन गेली.

इलाहीकडे धावले. तो आज माझ्यासमोर नीट उभाही राहीना. "बाई, भावानंच सांगितलं. जाळी काढा, पालीश मारा, गोल्डन साखळी लावा. म्हणाले, म्हस तरी वाचंल."

आबांचं घड्याळ! खंदकातून धड आलेलं, त्याला नवरीसारखं नटवलं. पन्नास वर्षांत ज्याच्यात काही सुधारायची गरज पडली नाही, ते गणपतनं एका दुपारात सुधारलं. जाळी इलाहीनं कागदाच्या पुडीत बांधून दिली. चमत्कारिक वाटली हातात. एवढीशी.

गणपत रविवारी ते घेऊन बिद्रीला जाणार. मी जाणार नाही. गेले तर बोलेन.

५ मे, रविवार

गणपत दिवेलागणीला आला. बसला नाही. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "आवडलं त्यास्नी. आता दिसतंय म्हणाली बायडाबाई."

मी तोंड फिरवलं.

"मग म्हणती, ह्यो बारका काटा कशाला पळतोय? म्हटलं, लेक नाड्या मोजती त्यानं. तर म्हणती, मोजत हुती म्हणा. लगीन झाल्यावर कोण धाडतंय दवाखान्यात? जोतीराम घड्याळच बघत बसला. म्या त्याच्या हातातनं काढून घेतलं, अक्का. आन उठलो."

मालन दारात उभी होती. गणपतनं तिला विचारलं नाही, मलाही नाही. स्वतःच साखळी सोडवली, जुना पट्टा ओवला आणि तिच्या मनगटावर बांधलं. पट्टा उलटा बांधला. कुणी तो सोडवून सरळ केला नाही. मीसुद्धा.

बिद्रीला परत पाठवायचं: साखरपुड्याची अंगठी एक, शालू एक, पैंजण जोड.
इलाहीला परत: सोनेरी साखळी एक.
मालनला दिलं: आबांचं घड्याळ एक, चालू. सोबत जाळी. देणार: गणपत.

टेबलावर परत ठेवायचा नियम आजपासून बंद.