ओढ्याकाठचं खोल मैदान

१९ मे
नाही म्हणजे नाही! आप्पासाहेबांना आज तोंडावर सांगितलं. ते पुनर्वसन समितीचे अध्यक्ष, मी बागा आखणारी बाई — पण मैदान माझं आहे. गेल्या वर्षी ओढ्याने वस्ती धुऊन नेली, म्हणून तर ते खोल खणून घेतलं. पुढचा पूर तिथे पसरावा, घरांत शिरू नये. आणि पक्की घरं होईपर्यंत पत्र्याच्या शेड टाकायला यांना नेमकी तीच जागा दिसली. म्हणे, हिरवळ आहे. डोंबलाची हिरवळ!

२३ मे
जिंकले! शेड वर जाणार, चढावरच्या सोसायटीच्या भिंतीलगत. उंच, कोरडी जागा. जरीना हिरमुसली. तिचा नवरा मैनुद्दीन मार्केट यार्डात हमाल. घर गेल्यापासून सासूला घेऊन शाळेच्या वर्गात राहताहेत. किती छान केलंत मैदान, तिथेच राहिलो असतो, म्हणाली. बरं वाटलं. आणि भीतीही वाटली.

४ सप्टेंबर
वस्ती आता शेडमध्ये राहतेय. पाऊस थांबत नाही.

९ सप्टेंबर
शेडमागची भिंत आज नीट बघितली. मध्येच पोट आलंय तिला. वर सोसायटीने भराव टाकून लॉन केलंय आणि भिंतीतली पाणी जायची भोकं सिमेंटने बुजवलीत. का? सेक्रेटरी म्हणाले, उंदीर येत होते. आता ती सगळी माती पाणी पिऊन बसली आहे. आप्पासाहेबांना फोन केला. "अहो मॅडम, जागा आपणच हट्टाने बदलून घेतलीत ना?" घेतली.

१० सप्टेंबर
शेडमध्ये दारोदार फिरले. इथून निघा, भिंत पडेल, एवढंच सांगत होते. जरीना शांतपणे म्हणाली, "मॅडम, खाली नको म्हणालात. आता वर पण नको. मग आम्ही राहायचं कुठं?"
शाळेत वर्ग मिळत नाहीत. उद्या काहीतरी बघते, म्हणून आले.

११ सप्टेंबर
येरवड्यात मंगल कार्यालय मिळालं. सोमवारपासून. सोमवारपर्यंत भिंतीने कळ काढावी!

१२ सप्टेंबर
रिक्षात. पुढे रस्त्यावर पाणी, काही हलत नाही.
सकाळी भिंत पडली. शेड गाडल्या गेल्या. आत कुणी नव्हतं! जरीनाच फोनवर सांगत होती आणि मी रडत होते. तुमचं ऐकलं म्हणून वाचलो, म्हणाली. काल संध्याकाळीच सगळे निघाले. ताडपत्र्या बांधून मैदानात आहेत.
ओढा चढला की पाणी आपोआप आत यावं, कुणाला काही उघडावं लागू नये — असंच केलंय मी ते.
आता ती फोन उचलत नाही.